समासातला पाऊस

ओजस, सानिका, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. इतरांनी वाचले तरी हरकत नाही. नानाआजोबा गेल्याचा फोन आला त्याला पाच आठवडे झाले. तेव्हा लिहायला बसले आणि दोन ओळींतच थांबले. पण काल त्यांची सून वैशाली कर्जतजवळच्या आपल्या गावाहून इथे नगरला आली, देवळातले यंदाचे पंचांग दोन दिवसांसाठी मागून घेऊन. त्यात मी जे पाहिले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही! तर क्रमाने सांगते.

नाना म्हणजे माझे धाकटे दीर. पाडव्याला मारुतीच्या देवळात पंचांग वाचायचा मान आपल्या घराचा, आणि तो नानांनी आयुष्यभर सांभाळला. पावसाचे प्रत्येक नक्षत्र कोणत्या ना कोणत्या वाहनावर बसून येते, असे पंचांगात दिलेले असते. हत्ती, म्हैस, बेडूक असेल तर पाऊस भरपूर. गाढव असेल तर आशा सोडा. मृगाचे वाहन ऐकले की कोण कधी पेरणार, हे तिथेच ठरायचे.

मी शाळेत भूगोल शिकवला, तोही इंग्रजीतून. निवृत्त झाल्यावर एकदा मोठ्या उत्साहाने तक्ते घेऊन त्याच देवळात गेले. तापमान, कार्बन, तापलेला समुद्र... पुढच्या रांगेतले दोघे चक्क झोपले. देवळाचा कारभार पाहणारे आबा शेवटी म्हणाले, "बाई, हे तुमच्या विलायतेत आसंल. आमचा पाऊस देवाच्या हातात हाय. दुष्काळ काय मागं पडले न्हाईत व्हय?" मी तक्ते गुंडाळले. घरी येताना नाना हसत म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्यांना कार्बन दिलात. त्यांना हत्ती हवा होता!" मला राग आला होता, खरे सांगते.

मग त्यांनी आपली जुनी पंचांगे माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक नक्षत्रापुढच्या कोऱ्या समासात, बारीक पेन्सिलीने, पाऊस खरोखर किती झाला ते लिहिलेले! मी उडालेच. "हे वाचून का दाखवत नाही?" "आणि आबांनी दुसरा वाचणारा आणला तर? वडिलांनी दिलेला मान माझ्या हातून जाईल, वहिनी." पंचांगे पुन्हा कपाटात गेली. पण त्याच वर्षी मृगाचे वाहन हत्ती निघाले. सगळ्यांनी उडीद पेरला. पाऊस आला नाही. दुबार पेरणीही करपली... "तो हत्ती मीच वाचला होता," एवढेच नाना बोलले आणि ताटावरून उठले.

पुढच्या पाडव्याला मी मुद्दाम गेले. नानांनी जुनी पंचांगे बरोबर आणली होती. नवे वर्ष वाचण्याआधी मागची वाचतो, म्हणाले. "मृग. वाहन हत्ती. पाऊस, अंगणातली रांगोळी पुसण्यापुरताही नाही." हशा पिकला. "स्वाती. वाहन गाढव. ओढ्याला पूर." पुन्हा हशा. असे एकामागून एक वर्ष येत गेले आणि हसू विरत गेले. आबा उठले. "नाना, पंचांगाला खोटं पाडता व्हय?"

"नाही, आबा. हत्ती येतोच आहे. पण मृगात यायचा तो आता स्वातीत येतो आणि उभ्या पिकात शिरतो. पूर्वी एखाद्या साली चुकायचा. आता त्याची वाटच बदलली आहे."

आबा अजून उभेच होते. मला वाटले, गेला मान! तेवढ्यात बायकांतून कोंडाबाई ओरडली, "खरं हाय! त्या साली माजी कापून टाकलेली बाजरी व्हावून गेल्ती!" मग काय विचारता! जो तो आपापला पाऊस सांगू लागला. माझ्या तक्त्यांपुढे झोपलेले ते दोघे तर, कोणत्या साली कुणाचा बांध फुटला यावरून उभे राहून भांडत होते! मी सांगून न पटलेली गोष्ट ते एकमेकांना सांगत होते. गोंधळ निवल्यावर आबा खाली बसले. "रोहिणीचं ऱ्हायलं, नाना," म्हणाले, "तेबी वाचा."

तेव्हापासून पंचांग कपाटाऐवजी देवळातच राहते. गावात वाहन ऐकतात, त्यावर थट्टाही करतात, पण वीतभर ओल लागल्याशिवाय पेरणीच्या चाड्यावर मूठ धरत नाहीत.

यंदाच्या पंचांगात आश्लेषेपर्यंत नानांचे अक्षर आहे. आश्लेषेतच ते गेले. मघा नक्षत्रापुढचा समास कोरा. संपले, असे वाटले... आणि पान उलटले, तर पूर्वा नक्षत्रापुढे मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलेले: "वाहन मोर. पाऊस बरा. ओल वीतभर. नाना न्हाईत."

अक्षर आबांचे आहे. वैशाली उद्या सकाळच्या गाडीने पंचांग परत नेते आहे, कारण उत्तरा लागली आहे आणि आबांचे दोन फोन येऊन गेले. समास भरला जातो आहे.