गाडी जुळवायला पेटीवाला

माणसाला एक गोष्ट चांगली येते म्हटलं की लोक त्याला तिच्या आजूबाजूच्या दहा गोष्टींना जुंपतात. मी पेट्या दुरुस्त करतो. पेट्या म्हणजे हार्मोनियम. सेनगाव तालुक्यातल्या भजनी मंडळांच्या पेट्या माझ्या गावी साखऱ्याला, ओसरीवर येतात. कुणाचा भाता फाटलेला, कुणाचे सूर बसलेले, कुणाच्या आत उंदरांनी संसार थाटलेला. मी सुरांच्या पितळी पट्ट्या ब्लेडने खरवडून जुळवतो आणि पेटी परत पाठवतो. चाळीस वर्षं हेच चाललंय. मोठं शेत नाही, दुकान नाही, जो काही आहे तो कान. पेटी सुरात लागली की नाही यावर दोन गावांत वाद झाला तर शेवटचा शब्द माझा असतो. त्याचा मला माज आहे, हे आधीच सांगून टाकतो.

या कानापायी मला वसमतला एका मोटारीसमोर उभं राहावं लागलं.

मोटार एका जनावरांच्या डॉक्टरांची. ते पूर्वी सेनगावला नोकरीला होते, स्वतः पेटी वाजवायचे, तेव्हापासूनची आमची ओळख. निवृत्त होऊन ते वसमतला राहिले आणि सुखाने बसायचं सोडून त्यांनी एक साठ वर्षांपूर्वीची विलायती गाडी घेतली. दसऱ्याला बायकोला शेजारी बसवून ती हिंगोलीपर्यंत न्यायची, एवढाच त्यांचा हट्ट होता. गाडी औंढ्याच्याही अलीकडेच आचके द्यायची.

या गाडीला कार्बोरेटर दोन. कार्बोरेटर म्हणजे जिथून इंजिन हवा ओढतं आणि त्या हवेत पेट्रोल मिसळतं ते भांडं. एकाने भागत असताना दोन कशाला, हे मी विचारलं, पण तिथे कुणाला उत्तर द्यायला वेळ नव्हता. पुढचं भांडं पुढच्या दोन सिलिंडरांना पाजतं, मागचं मागच्या दोघांना. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडतं. वसमतचा मेस्त्री चाळिशीचा, जवळच्याच तांड्यावरचा, हाताचा चांगला. त्याने फोनवर व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक गोरा म्हातारा रबराची नळी कानाला लावून दोन्ही भांड्यांची सूं सूं ऐकत होता आणि स्क्रू फिरवत होता. मेस्त्री म्हणाला, हे कानाचं काम आहे. डॉक्टर म्हणाले, मग कान माझ्या ओळखीचा आहे.

साखऱ्याहून वसमत म्हणजे तीन बस. तिसऱ्या बसमध्ये मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

पण गाडी सुरू झाली, नळी हातात आली आणि माझ्यातला शहाणा जागा झाला. एकच नळी आधी इकडे मग तिकडे लावायची म्हणजे पहिला आवाज लक्षात ठेवून दुसरा ऐकायचा. ही काय रीत झाली? मी डॉक्टरांचा जुना स्टेथोस्कोप मागून घेतला. त्याच्या दोन कानांच्या नळ्या मधून तोडल्या आणि दोन्हींना लांब रबरी नळ्या जोडल्या. पुढच्या भांड्याची सूं सूं डाव्या कानात, मागच्याची उजव्या कानात, दोन्ही एकाच वेळी. डॉक्टर खूश झाले. मेस्त्रीने पाना उचलला. ही युक्ती माझी होती, हे त्या दिवशी मी येणाऱ्याजाणाऱ्यालाही सांगितलं.

मग आमचा छळ सुरू झाला. मी ऐकायचो, मेस्त्री स्क्रू फिरवायचा. पुढचं कमी ओढतंय, उघड. अजून उघड. आता इंजिन फार पळतंय, मग मागचं बंद कर. असं करत मी दोन्ही आवाज तंतोतंत सारखे केले. गाडी पहिल्यापेक्षा जास्त थरथरायला लागली. डॉक्टरांनी पाय दाबला तर तिने खोकून मान टाकली.

मेस्त्रीने चालू इंजिनाच्या मागच्या दोन प्लगांच्या वायरी उपसल्या. इंजिनाच्या आवाजात काडीचा फरक पडला नाही.

"काका, मागचे दोन नुसते बसून राहिले," तो म्हणाला. "त्यायला हवाच न्हाई."

मी म्हणालो, हवा सारखी आहे, मी कानाने ऐकलीय, दोष तुझ्या वायरीत असेल. त्याने वायरी बदलल्या. मग मी प्लगांवर खापर फोडलं, ते बदलले. मग पेट्रोलवर. मग वर त्याला ऐकवलं की नाचता येईना अंगण वाकडं. तो बिचारा मान खाली घालून पाने आवरत राहिला. मी डॉक्टरांकडेच मुक्कामाला होतो. तीन दिवस त्यांच्या बाईंच्या हातचं जेवत होतो आणि गाडी होती त्याहून बिघडवत होतो. मला गाडीचा राग, मेस्त्रीचा राग, त्या व्हिडिओतल्या म्हाताऱ्याचा तर सगळ्यात जास्त राग. दसरा चार दिवसांवर आला होता आणि डॉक्टर माझ्याशी फार गोड बोलायला लागले होते. माणूस इतका गोड बोलायला लागला की त्याचा विश्वास उडालेला असतो.

चौथ्या दिवशी सकाळी मेस्त्रीने गाडीच्या डाव्या बाजूला त्याचं सामान पसरलं होतं, म्हणून मी उजव्या बाजूने इंजिनावर वाकलो. नळ्या तशाच भांड्यांना लावलेल्या होत्या. मी दुसऱ्या बाजूला असल्यामुळे पुढच्या भांड्याची नळी आता उजव्या कानात आली. गाडी सुरू झाली आणि पुढचं भांडं भुंग्यासारखं घोंगावलं. मागचं मुकं.

मी भडकलो. स्क्रूला कुणी हात लावला, म्हणून मेस्त्रीवर ओरडलो. त्याने आईची शपथ घेतली. मला ते खरं वाटलं, म्हणून मी आणखी चिडलो. मग मी कानातल्या दोन नळ्यांची अदलाबदल केली. घोंगावणं डाव्या कानात जायला पाहिजे होतं. ते गेलंच नाही. उजव्या कानात बारीक सूं सूं आली आणि डाव्यात लांबून काहीतरी पुसट. मी पुन्हा बदलून पाहिलं, पुन्हा तेच. नळीत फुंकर मारली, नळी मोकळी होती.

पेटीचे दोन सूर एकाच ओसरीवर, एकाच हवेत वाजतात. दोन्ही कानांनी मिळून ऐकायचं असतं, एक कान झोपला तरी दुसरा काम उरकतो. आयुष्यात पहिल्यांदा मी दोन कानांना दोन वेगळी कामं दिली होती, तीही मोठ्या हुशारीने. तीन दिवस मी गाडी माझ्या बहिऱ्या कानाच्या मापाने लावत होतो. भीती वाटली. गेल्या वर्षभरात मी किती पेट्यांना बरोबर म्हटलं, ती गावं एकेक करून डोळ्यांसमोर यायला लागली.

मेस्त्री इंजिन बंद करून माझ्यासमोर आला.

"काका, कवापासून?" त्याने विचारलं.

दोन सुरांतला केसाएवढा फरक मी सांगतो, आणि माझ्याच डोक्याची एक बाजू कधी गेली, ते मला माहीत नव्हतं.

मग आम्ही त्या गोऱ्या म्हाताऱ्याच्या रीतीने केलं. एक नळी, उजवा कान, आधी हे भांडं मग ते. अर्ध्या तासात काम झालं. इंजिन असं फिरायला लागलं की डॉक्टरांनी इंजिनावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हललं नाही. ते बायकोला घेऊन कुरुंद्यापर्यंत जाऊन आले आणि उतरल्या उतरल्या शेजाऱ्यांना म्हणाले, कान असावा तर असा. त्यांच्या आळीतल्या देवळाची पेटी बिघडली होती, ती आता साखऱ्यालाच पाठवणार, हेही जाहीर करून टाकलं.

मेस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. त्याने काही सांगितलं नसतं, मला खात्री होती. मीच म्हणालो की दोष गाडीत नव्हता, माझ्या कानात होता. डॉक्टर हसले. त्यांना तो विनय वाटला. शेजारीही हसले. चाळीस वर्षं लोकांनी माझा प्रत्येक शब्द खरा मानला, आणि नेमका हाच कुणी मानेना. मला इतका संताप आला की मी आवाज चढवला.

"डॉक्टरसाहेब, डाव्या कानानं मला ऐकू येत न्हाई. पेटी पाठवा, पण तिच्याबराबर चांगल्या कानाचा माणूस पाठवा. मी लावीन, तो ऐकंल, आन् तो व्हय म्हणंल तवाच पेटी परत जाईल."

डॉक्टरांचं हसू ओसरलं. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागले आणि त्यांनी कुणाला तरी होकाराची मान हलवली. काय झालं, मी विचारलं.

"मेस्त्री पेटीबरोबर येतो म्हणतोय," ते हळू म्हणाले. "दोनदा म्हणाला."

मेस्त्री माझ्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर उभा होता.