काखेतला चुना

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगते. माझी वाट मी स्वतःच्या हाताने लावून घेतली, दोष द्यायला दुसरं कोणी नाही.

झालं काय, आंघोळ करताना काखेत गाठ लागली. शेंगदाण्याएवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाळिशी ओलांडलीय ना? मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, दोन्ही करून घ्या." झोप उडाली हो माझी. मग मी घरचा उपाय काढला, चुना-गुळाचा लेप. सुजेवर आमच्याकडे दुसरं औषधच नाही. चार दिवस थापला.

घाटकोपरच्या सेंटरवाल्यांनी फोनवर बजावलं होतं, डिओ-पावडर लावून येऊ नका. नाही लावली. लेप तेवढा कोरड्या फडक्याने पुसला. चुना म्हणजे काय पावडर आहे?

सोबत माझी नणंद, प्राजू. फोटो निघाले आणि मशीनवरची मुलगी पडद्याकडे बघतच राहिली. "काखेत पांढरे ठिपके दिसतायत. मॅडमना दाखवते, तुम्ही बाहेर बसा."

बाहेर बाकावर बसून मी प्राजूचा हात धरला. "माझं काही खरं नाही गं. एक ओझं उतरवू दे. गणपतीला मी गावी मोदक आणते ना, ते मी करत नाही. पार्ल्याच्या एका बाईंकडून घेते. अकरा वर्षं."

"असं नको ना बोलू, वहिनी," प्राजू डोळे पुसत म्हणाली आणि फोन घेऊन कोपऱ्यात गेली.

तेवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या. "काखेत काही लावलंय का?"

"छे. पावडर नाही, डिओ नाही. फक्त चुना."

त्यांनी चष्मा काढला. "अहो, चुना म्हणजे कॅल्शियम. तोच दिसतोय फोटोत. जा, साबणाने धुऊन या."

धुतलं. दुसरे फोटो स्वच्छ. सोनोग्राफीत गाठ साधी सुजेची निघाली, महिन्याने परत दाखवा म्हणाल्या. मी तिथेच रडले, इतकं हलकं वाटलं.

"प्राजू, ते मोदकांचं घरी बोलू नकोस हं."

तिचा चेहरा पडला. "वहिनी, मला वाटलं सगळ्यांनी तुला माफ करावं. मी फॅमिली ग्रुपवर टाकलं."

फोन उघडला. दीर, जावा, भाचे, सगळ्यांचे जोडलेले हात. खाली गावाहून सासूबाई: "रिपोर्ट बरो इलो तर औंदा मोदक माझ्यासमोर करूचे. एकवीस."

मी तशीच परत आत गेले. "मॅडम, रिपोर्टात एवढं लिहून देता का, की या हाताने उकड मळायची नाही?"

मॅडम भल्या बाई. लगेच पेन उचललं आणि लिहिलं, "हात भरपूर हलता ठेवावा."