आवाज गोड करणारं बटण

घरी पुन्हा रेकॉर्डिंग सुरू करायचं म्हणून इक्वलायझर घ्यायला दुकानात गेले होते. आवाजातली धार, भरदारपणा कमी-जास्त करणारं ते यंत्र.

“ताई, डिजिटल घ्या,” दुकानदार म्हणाला. “एकदा लावलं की सगळं लक्षात ठेवतं. ॲनालॉगची बटणं दर वेळी हातानं फिरवायला लागतात.”

शेजारी एक वयस्क गृहस्थ तसंच एक बटण फिरवून बघत होते. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. मी बघतच राहिले. माझा मोठा भाऊ, अण्णा, माझं गाणं रेकॉर्ड करताना बटणांपाशी असाच उभा राहायचा. मी आतल्या खोलीत गायचे आणि तो बाहेरून विचारायचा, “थोडा गोड करू का गं?” काल लावलेली बटणं त्याला आज चालत नसत. “आज तुझा आवाज वेगळा आहे,” म्हणायचा. तो गेल्यापासून मी घरात गायलेच नव्हते.

मी ॲनालॉगच घेतलं. संध्याकाळी एक ओळ गाऊन रेकॉर्ड केली, बाहेर येऊन ऐकली, बटण जरासं फिरवलं, पुन्हा आत जाऊन गायले. बऱ्याच खेपा झाल्यावर आवाज मनासारखा लागला. मग तो ऐकत एकटीच बसून राहिले. इतकं कान देऊन आपल्याला कुणी ऐकावं, हे भाग्य आता पुन्हा कुठलं मिळायला.