खोक्याला पाडलेली भोकं

एसटी स्टँडच्या पार्सल ऑफिसातला हा माणूस माझं खोकं आलं की आधी कानाला लावतो. मग विचारतो, "काय हाय ह्यात?" मी दर वेळी सांगतो, "समुद्रातले बारीक जीव. कुठल्या पाण्यात किती सापडतात, ते कॉलेजात मोजतो." त्यावर तो म्हणतो, "सोलापुरात बसून समुद्र? लई कौतुक हाय की तुमचं!" आणि शिक्का हाणतो.

यंदा मे महिन्यात रत्नागिरीहून मित्रानं पाठवलेलं खोकं सुट्ट्यांमुळे त्याच्याकडेच अडकलं. उन्हानं आतल्या बाटल्या फुटल्या असत्या तर वर्षभराचं काम बुडालं असतं. मी धावतच गेलो. खोकं त्याच्या टेबलाखाली, ओल्या गोणपाटावर होतं, आणि त्याला चारी बाजूंनी भोकं! "बाटल्याही उघडल्यात की काय?" मी विचारलं.

"न्हाय ओ, खोक्यालाच पाडली. वारं नको का त्यास्नी?"

बुचं जशीच्या तशी होती. मी तिथंच बाकावर टेकलो.

"जगले न्हवं समदे?" त्यानं हळूच विचारलं.

माझे जीव बोटीवरच औषधात घालून मारलेले असतात.

"व्हय, सगळे," मी म्हणालो.

रत्नागिरीच्या मित्राला आता बजावून ठेवलंय, खोक्याला भोकं पाडूनच पाठवत जा.