पावसाळ्यातलं वाळवण

वाळलेल्या भेंडीची चकती काकू आधी कानाजवळ नेत आणि मग दोन बोटांत मोडत. कट्‌कन आवाज आला तर भेंडी बरणीत जाई. नुसती वाकली तर परत ताटात. "वाजलं तं वाळलं," त्या म्हणत. मे महिन्यात गच्चीवर पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या काकूंना माझ्या गच्चीवरून पाहिलं, की वाटे, भाजी यांच्या कानात काहीतरी सांगते आहे आणि या ते मन लावून ऐकताहेत.

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. घरात माणसं दोन आणि वाळवण वीस माणसांचं. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातून त्या लग्न होऊन भिलाईला आल्या. काका स्टील प्लांटमध्ये होते, सगळं आयुष्य शिफ्टमध्ये गेलं. रिटायर झाल्यावर त्यांनी टाउनशिपचं क्वार्टर सोडलं आणि नेहरू नगरात आमच्या शेजारचं घर घेतलं. मूलबाळ नव्हतं. गच्चीवर सांडगे, कुरड्या, भरलेल्या मिरच्या असत, आणि इथल्याच एका शेजारणीकडून शिकलेली रखिया बडीही, म्हणजे कोहळा घालून केलेले उडदाचे सांडगे. त्यातलं निम्मं गल्लीत वाटलं जाई.

काकांना स्वतः चहासुद्धा करता येत नसे. काकूंनी कधी करूही दिला नाही.

एका भर पावसाळ्यात काकू माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, भाज्या वाळवायचं विजेचं मशीन मिळतं म्हणतात, ते मला दाखव. मी हसले. काका तर कितीतरी दिवस हसत होते. "भिलाईत राहून ऊन विकत कावून घ्यायचं?" ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. त्यांनी त्या न आलेल्या मशीनचं नावही ठेवलं, उन्हाची पेटी.

काकूंनी मात्र हट्ट सोडला नाही. एका शनिवारी मी त्यांना स्कूटीवर सिविक सेंटरला घेऊन गेले. दुकानदाराने दोन मशीनं काढली. एक गोल, एकावर एक ताटं ठेवायचं, पंखा खाली. दुसरं चौकोनी, छोट्या कपाटासारखं, पंखा मागे. गोल मशीन दिसायला छान होतं. काकूंनी विचारलं, खालचं ताट आधी वाळेल आणि वरचं ओलं राहील, मग मला सारखी ताटं खालीवर करावी लागतील का? दुकानदार म्हणाला, हो, थोडं करावं लागतं. काकूंनी ते बाजूला सारलं. चौकोनी मशीनमध्ये हवा सगळ्या ताटांवरून सारखी जात होती. ताटं स्टीलची होती. पालेभाजीसाठी आच किती कमी करता येते, हे त्यांनी दोनदा विचारलं. वेळ झाली की ते आपोआप बंद होतं का, हेही विचारलं. मग मशीन चालू करायला लावून त्याला कान लावला.

"तुझे काका दुपारी झोपतात," त्या मला म्हणाल्या. "नाइट शिफ्टची सवय. आवाज नाही पायजे."

खोका दुकानात ठेवून आम्ही समोर गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला गेलो. त्यांनी एकच खाल्लं आणि द्रोण खाली ठेवला. मी विचारलं, काकू, मे महिन्यात गच्ची आहेच की, एवढी घाई कशाला?

"मले उन्हाळ्यापर्यंत थांबता येत नाही, पोरी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. पोटात गाठ होती. रायपूरच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. काकांनीही ते ऐकलं होतं, पण बाहेर आल्यावर ते गाडी कुठे लावली एवढंच बोलले, आणि त्यानंतर त्या विषयावर काहीच नाही. तपासण्यांसाठी काकू दवाखान्यात होत्या तेव्हा काकांना डबा लावून दिला होता. तो डबा ते रोज गायीला घालत आणि स्वतः बिस्किटं खात, हे काकूंना घरी आल्यावर कळलं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. वर्षभराचं जेवण वाळवून ठेवायचं, म्हणजे काकांनी फक्त गरम पाणी घालायचं.

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. गुपचुपवाल्याला म्हणाल्या, भैया, इसको थोडा मीठा पानी और देना. 'इसको' म्हणजे मला.

त्यानंतर त्यांच्या घरातून दिवसभर पंख्याचा बारीक घुंघुं आवाज येऊ लागला. सुरुवातीला सगळं बिघडलं. मेथी जास्त आचेवर ठेवली तर तिचा भुगा झाला. कांदा वाळवला त्या दिवशी गल्लीभर वास सुटला आणि मशीन मागच्या व्हरांड्यात गेलं. भेंडी गरम गरमच बरणीत भरली, तिला आतून घाम सुटला आणि बुरशी आली. काकूंनी ती सगळी फेकली आणि पुन्हा बसल्या. मग हात बसला. चकत्या एकसारख्या जाडीच्या हव्यात, शेंगा आधी वाफवून घ्यायच्या, ताटं गच्च भरायची नाहीत, निवल्याशिवाय झाकण लावायचं नाही. पुढे त्या शिजवलेलं वरण ताटात पातळ पसरून वाळवू लागल्या. त्याचे पापुद्रे निघत. ते कुटून ठेवायचे आणि उकळत्या पाण्यात टाकले की वरण तयार.

औषधांनी त्यांचे हात थरथरू लागले तेव्हा कापायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत शिकवून आले की जेवून तिकडेच जायची. त्या पलंगावर बसून माझ्या चकत्या तपासत. जाड झाली की परत देत. आजारी माणसाची दया येण्याइतकी सवड त्या देत नसत.

फक्त काका त्या खोलीत येत नसत. काकूंनी त्यांना कितीदा बोलावलं, या, एकदा पाहून घ्या, पाणी किती घालायचं ते दाखवते. ते पेपर घेऊन गेटाशी उभे राहत. एकदा मीच बाहेर गेले आणि म्हटलं, काका, त्यांच्या मनासाठी तरी शिका.

"मी शिकलो तं ती जाईन," काका म्हणाले. त्यांनी पेपर उघडला, पण तो उलटा धरला होता.

दिवाळीपर्यंत भिंतीतलं कपाट भरलं. आणि मग आम्ही कोणीच गृहीत धरलं नव्हतं ते झालं. थंडीत काकू सावरल्या. गाठ आक्रसली, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना भूक लागू लागली, केस आले, त्या गेटापर्यंत आणि मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत चालू लागल्या.

तेव्हा काका त्या कपाटाकडे वळले. रोज सकाळी एक बरणी काढून ओट्यावर ठेवत. आज ही कर. काकू म्हणत, बाजारात ताजी भाजी आली आहे, हे राहू द्या. काका ऐकत नसत. दुपारी भेंडी, रात्री दोडका, मधल्या वेळी वरण. इतकं खाताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. काकूंना मजा वाटे. "माह्या तेरवीचं जेवन आम्हीच खाऊन राहिलो," त्या मला हसत म्हणाल्या. होळीनंतर शेवटची बरणी रिकामी झाली. काकांनी सगळ्या बरण्या स्वतः घासल्या आणि गच्चीवर उपड्या घातल्या. मशीन खोक्यात भरून माळ्यावर टाकलं.

त्या उन्हाळ्यात काकू गच्चीवर चढल्या नाहीत. आता पाय दुखतात, पुढच्या वर्षी पाहू, म्हणाल्या.

पुढचं वर्ष आलं नाही. मेच्या शेवटी पोट पुन्हा दुखू लागलं आणि या वेळी डॉक्टरांनी समोर बसवून काही समजावलं नाही. काकूंना स्वतःलाच कळलं. त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, मशीन खाली काढ. मी काढलं, पुसलं, चवळीच्या शेंगा कापून, वाफवून लावल्या. पण वाफवलेल्या शेंगांच्या वासानेच त्यांना उलटी झाली. त्यांनी हाताने खूण केली, बंद कर. मी बंद केलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "तुझ्या काकाइले आता तूच पाहजो." एवढं बोलूनही त्यांना धाप लागली. दोन आठवड्यांत त्या गेल्या.

तेरवीनंतर नातेवाईक परतले. मी रोज ताट नेत असे. काका ते घेत, नाही म्हणत नसत, पण संध्याकाळी ताट जवळजवळ तसंच परत मिळे. गायीला दिलं का, हे मी विचारलं नाही.

मग एका दुपारी, बाहेर पाऊस लागला असताना, भिंतीपलीकडून पंख्याचा तोच बारीक आवाज आला. मी भिजतच धावले. मागच्या व्हरांड्यात मशीन चालू होतं. ताटांत लौकीचे, म्हणजे दुधी भोपळ्याचे, जाडजाड तुकडे होते, सालासकट. वरून करपलेले, आतून ओले. काका समोर उभे होते. बोटाला चिंधी गुंडाळलेली होती.

"हे होऊन नाही राहिलं," ते म्हणाले.

मी मशीन बंद केलं. पाट मांडला, लौकी सोलायला घेतली. ते माझ्यासमोर बसले, खूप वर्षांनी जमिनीवर बसत असावेत असे, भिंतीला धरून. मी पातळ चकती कापून दाखवली. त्यांनी ती तळहातावर घेतली.

"तिले वाटलं मले आवडून राहिलं," ते म्हणाले. "रोज म्हनायचो, अजून वाढ. मले भूक नोती, पोरी. मले ते कपाट पाहवत नोतं."

मी सुरी त्यांच्या हातात दिली. पहिल्या चकत्या वेड्यावाकड्या झाल्या, नंतरच्या बऱ्या. आम्ही ताटं लावली, आच कमी केली, दार बंद केलं. काकांनी विचारलं, किती वेळ लागते? मी म्हटलं, पावसाची हवा आहे, संध्याकाळ होईल.

ते दाराच्या काचेतून आत पाहत होते.

"मंग तोवर बसशीन का?" त्यांनी विचारलं.

मी बसले. पाऊस पडत राहिला. काकांची ती झोपेची वेळ होती. थोड्या वेळाने भिंतीला टेकल्या टेकल्या त्यांचे डोळे मिटले. त्या मशीनचा आवाज खरंच अगदी कमी होता.