आम्ही लुप्त झालो तो रविवार

आमच्या गावातली एक कला लुप्त झाल्याची बातमी गावाला मी दिली. बातमी देताना समोर सतरंजीवर पंचवीस-तीस बायका बसल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींना ती कला येत होती.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. मी सुनंदा. वर्धा जिल्ह्यात अल्लीपूरच्या अलीकडे आमचं गाव. आई-बाबा भाजीपाला लावतात. बाबांनी हिंगणघाटच्या बाजारात वांगी नेली आणि मी बी.ए. झाले. (या एका वाक्यात तीन वर्षं आणि पुष्कळ वांगी आहेत.) आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरात एकच खोली, म्हणून माझा सगळा अभ्यास गावच्या वाचनालयात झाला. त्या वाचनालयाचे उपकार फेडायचे असं मी ठरवलं होतं. उपकार फेडणारी माणसं किती धोकादायक असतात, हे तेव्हा गावाला माहीत नव्हतं.

वाचनालयात कुणीतरी दान दिलेला एक मोठा टीव्ही होता. त्याच्यावर कायम चादर असायची. ती चादर मी काढली आणि दर रविवारी दुपारी तीन वाजता 'ओळख जगाची' सुरू केली. इंटरनेटवर जगभरच्या लोकांचे व्हिडिओ असतात. त्यांतले चांगले निवडायचे, गावातल्या बायकांना दाखवायचे, आणि भाषा वेगळी असेल तर मी माईकवर मराठीत सांगायचं. निवडीसाठी मी वहीत नियमही लिहिले होते. कुणाची टिंगल नको. कुणाला बिचारं म्हणून दाखवलेलं नको. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे, ज्यांचा व्हिडिओ आहे ती माणसं त्यात स्वतः बोलली पाहिजेत.

कार्यक्रम छान चालला होता. बर्फात हरणं पाळणारे लोक दाखवले तेव्हा शेवंताबाईंनी विचारलं, "काय वो सुनंदा, एवढ्या बर्फात याइचे कपडे कुठी वाळतेत?"

तीन वर्षांच्या बी.ए.त हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

फक्त गुलाबशेठ खूश नव्हते. ते वाचनालयाचे अध्यक्ष. शेजारीच त्यांचं कापडाचं दुकान. एके दिवशी मी बाबांबरोबर जाताना त्यांनी भर रस्त्यात आम्हाला थांबवलं.

"सुनंदा बेटा, वाचनालयात वाचाचं असते. तू त पाहाले लावून राह्यली."

"शेटजी, पाहणं हेसुद्धा एक वाचनच आहे." (हे वाक्य मी घरी पाठ केलेलं होतं.)

"असं का? ठीक आहे. पन एक जरी तक्रार आली ना, त वाचनालयाची किल्ली वापस. पुन्हा मांगाची नाई."

मी काही बोलायच्या आत बाबा पुढे झाले. "माही पोरगी हाय शेटजी. तक्रार आली त मी स्वतः किल्ली आणून देईन."

बाबा आयुष्यात कुणाला फार शब्द देत नाहीत. दिला तर पाळतात. म्हणजे आता किल्लीच्या जोडीला बाबांचा शब्दही टांगणीला!

आणि त्याच आठवड्यात मला 'तो' व्हिडिओ सापडला.

व्हिडिओ मडक्यावरच्या लांब पोळीचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चुलीवर मडकं पालथं घालून तापवायचं. भरपूर मळलेली सैल कणीक हातावर झुलवत, कोपरापर्यंत लांबवत न्यायची आणि अलगद मडक्यावर टाकायची. पोळी रुमालासारखी पातळ होते. व्हिडिओ शहरातल्या मुलांनी बनवला होता. वरून दिसणारी तुरीची शेतं, मागे बासरी, आणि चुलीजवळ एक सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या आजी. त्या आजी संपूर्ण व्हिडिओत एक शब्दही बोलत नव्हत्या. माझा सर्वांत महत्त्वाचा नियम मोडत होता. पण बासरी इतकी सुंदर होती की मी वही उघडलीच नाही.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा व्हिडिओ मी जेवता जेवता पाहिला. ताटात काय होतं? मडक्यावरची लांब पोळी! आईने तासाभरापूर्वी केलेली! एका हाताने मी तिचा घास मोडत होते, दुसऱ्या हातात मोबाईल होता, आणि ही पोळी आता कुठेच पाहायला मिळत नाही या दुःखाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तिखट झालं का वो?" आईने विचारलं.

"नाही आई. आपली संस्कृती चालली."

"कुठी?" असं म्हणून आईने ताटात आणखी एक पोळी टाकली.

रविवार आला. मी फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'आज : एक लुप्त झालेली कला'. व्हिडिओ सुरू झाला. निवेदन इंग्रजीत, म्हणून माईक माझ्या हातात.

"काळाच्या ओघात," मी हळव्या आवाजात भाषांतर करू लागले, "मडक्यावरची ही पोळी नाहीशी झाली आहे."

सतरंजीवरच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"आता या संपूर्ण प्रदेशात ही कला जाणणाऱ्या या एकट्याच आजी उरल्या आहेत."

"कोन उरलं?" मागून आवाज आला. शेवंताबाई!

"या आजी."

"अन् मी काय मेली का वो?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण भाषांतर अर्धवट सोडायचं नाही, अशी मला आमच्या गुरुजनांची शिकवण! मी प्रामाणिकपणे पुढचं वाक्य सांगितलं, "आजच्या स्त्रियांकडे या कलेसाठी ना वेळ आहे, ना ताकद."

"बंद कर तो टीव्ही," पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. ती माझी आई होती.

पुढच्या पंधरा मिनिटांत वाचनालयाच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली गेली. रजियाचाची घरून मडकं घेऊन आल्या (लग्नांत पोळ्या करायला त्यांना लांबलांबून बोलावणं येतं). शेवंताबाईंनी पिठाचा डबा आणला. आईने पदर खोचला. गावाला पुरावा द्यायचा होता, आणि पुरावा गरम गरम द्यायचा होता.

पण पुरावा एकच असेल तर ते गाव कसलं?

"मीठ टाकलं का वो तुमी?" शेवंताबाई ओरडल्या. "मीठ टाकलं त तुटते!"

"आमच्या घरी टाकतेतच," आई म्हणाली. "चाळीस वर्षांत एक नाई तुटली."

"अरे बाई, मीठ का छोड़ो," रजियाचाची म्हणाल्या, "पानी कम पड़ा है इसमें. आटा रस्सी जैसा खिंचना मंगता."

तिघींनी तीन पराती घेतल्या. कणीक आपटण्याचा असा आवाज सुरू झाला की रस्त्यावरची माणसं कुंपणाशी जमली. चुलीत कुणीतरी ओलं लाकूड घातलं. धूर उठला आणि सरळ गुलाबशेठच्या दुकानात शिरला. दुकानात त्या दिवशी एका लग्नाचा बस्ता चालू होता.

नाकाला रुमाल लावून गुलाबशेठ बाहेर आले. "हे काय होऊन राह्यलं? वाचनालय हाय का लग्नाचा मांडव?"

"शेटजी, त्या टीव्हीत सांगतलं का आम्ही नाई उरलो," शेवंताबाई म्हणाल्या. "लय खराब व्हिडिओ होता!"

गुलाबशेठचा चेहरा उजळला. "म्हंजे तक्रार हाय तुमची?"

शेवंताबाईंनी जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"सुनंदा, किल्ली."

माझा हात ओढणीच्या गाठीतल्या किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला. आजवर मी मोठ्यांना कधी उलट बोलले नव्हते. पण त्या धुरात मला काय झालं कोण जाणे! म्हटलं, "शेटजी, चूक माझी आहे. व्हिडिओ मी निवडला. पण किल्ली मी देणार नाही. पुढच्या रविवारी तीन वाजता हा टीव्ही सुरू होणार म्हणजे होणार!"

"लय झाली हुशारी! अवं, ज्या पोरीले आपल्या घरची पोळी माईत नाई, ते जगाची ओळख करून देते? एक पोळी करून दाखव. आली त किल्ली तुही."

बायका मागे सरकल्या. आईने हळूच म्हटलं, "सुनंदे, राहू दे वो." पण मी पेटलेली होते! बाह्या वर केल्या. गोळा उचलला. हातावर घेतला, झुलवला. कणीक लांब झाली. आणखी लांब झाली. कोपराच्या पुढे गेली. रजियाचाची ओरडल्या, "फेंक! अब फेंक!"

मी फेकली.

मडकं समोर होतं. पोळी डावीकडे गेली. कुंपणाला लागून गुलाबशेठची नवी स्कूटी उभी होती, दुपारभर उन्हात तापलेली. पोळी तिच्या सीटवर पडली, आणि अगदी एकसारखी, पातळ, कुठेही न फाटता पसरली! इतकी सुंदर पोळी त्या दिवशी दुसरी कुणाची झाली नाही.

कुंपणाबाहेर हशा उठला. त्याच गर्दीतून बाबा आत आले. बाजारातून परतताना त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांचा शब्द माझ्या हाताने स्कूटीवर पडला होता.

गुलाबशेठ म्हणाले, "पाहा भाऊ! तुमची पोरगी. एक पोळी येत नाई."

बाबांनी डोक्यावरचं रिकामं टोपलं खाली ठेवलं. "मले मालूम हाय शेटजी. म्हनूनच त शिकवली."

मग ते बायकांकडे वळले. "तक्रार हाय का कोनाची? असंल त मी आत्ता किल्ली देतो."

शेवंताबाई पुढे झाल्या. "आमची तक्रार त्या टीव्हीतल्या लोकाइची हाय. पोरीनं जे ऐकलं ते सांगतलं. अन् शेटजी, तुमी असेच काऊन उभे? आमी लुप्त झालो का नाई, ते खाऊन त सांगा."

गुलाबशेठच्या हातात ताटली आली. ताटलीत तीन पोळ्या. तिघी समोर उभ्या राहिल्या, आणि तिघींच्या मागे त्यांच्या त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायका. गुलाबशेठनी तिन्ही चाखल्या.

"कोनाची चांगली?" आईने विचारलं.

तो प्रश्न किती अवघड होता हे फक्त व्यापाऱ्यालाच कळेल. एकीचं नाव घेतलं असतं, तर दोन मोहल्ल्यांतल्या लग्नांचे बस्ते त्या दिवसापासून हिंगणघाटला गेले असते! गुलाबशेठनी आईकडे पाहिलं. शेवंताबाईंकडे पाहिलं. रजियाचाचींकडे पाहिलं.

"सगळ्याच चांगल्या हायेत," ते पुटपुटले.

"मंग तक्रार कोनती राह्यली?" आई म्हणाली.

गुलाबशेठनी ताटली ठेवली, स्कूटीकडे एकदा पाहिलं आणि पायीच घरी गेले.

त्याच संध्याकाळी बायकांनी त्या व्हिडिओखाली माझ्याकडून निषेध लिहून घेतला. तिघी एकाच वेळी सांगत होत्या आणि मीठ घालावं की नाही हा वाद त्यातही होता. उत्तर लगेच आलं. दोन जोडलेले हात आणि 'आपल्या प्रेमाबद्दल आभार'.

कार्यक्रम अजून चालू आहे. कुणी काहीही म्हणो, चालूच राहील. किल्ली माझ्याकडेच आहे. फक्त व्हिडिओ निवडायला आता समिती आहे. त्यात आई, शेवंताबाई आणि रजियाचाची. दर शनिवारी त्या सगळे व्हिडिओ आधी पाहतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "हे बाई स्वतः बोलते का नाई?" नाही म्हटलं की पुढचा. सगळ्यांत एकमेव पदवीधर म्हणून मी परवा मोठ्या उत्साहाने एक व्हिडिओ सुचवला.

आई मायेने म्हणाली, "तू राहू दे वो सुनंदे. तुले काईही खरं वाटते."