आधी जाळ, मग जेवण

पूर्व बोलिव्हियाच्या सुक्या रानात सांता रुफिना नावाची वाडी आहे. तिथे इहिनियाला सगळे ‘आगवाली’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती ओ देते. पूर्वी ती झुले विणायची आणि हसायची इतक्या मोठ्यानं, की एकदा पाद्रीबाबांना प्रवचन थांबवावं लागलं होतं. आता माग भिंतीला टेकून उभा आहे. हसण्याचं कुणी विचारत नाही.

रान तोडायचं, वाळू द्यायचं, पावसाआधी जाळायचं आणि राखेत मका पेरायचा, ही तिथली शेती. जाळायच्या दिवशी शेजारीपाजारी फुकट राबायला येतात. शेताभोवती झाडून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, जाळरेषेवर, उभं राहायचं आणि ठिणगी बाहेर उडाली की ओल्या फांदीनं झोडपायची. ज्याचं शेत, त्यानं मात्र आधी सगळ्यांना जेवू घालायचं. उपाशी माणसाला आगीसमोर उभं करणं म्हणजे त्याचा अपमान. सगळ्यात म्हातारा माणूस पहिला घास घेतो. तोवर कुणी चमच्याला हात लावत नाही.

इहिनियाच्या नवऱ्यानं, नेमेसिओनं, असंच सगळ्यांना जेवू घातलं होतं. म्हातारा उशिरा आला, म्हणून जेवण उशिरा, म्हणून आग उशिरा. ऊन डोक्यावर आलं तसा उत्तरेचा वारा सुटला आणि आग रेषा ओलांडून डोंगरात शिरली. तिच्या पुढे जाऊन नवी रेषा कापायला नेमेसिओ धावला, तो परत आला नाही. कोंबडीचा रस्सा त्या दिवशी फार छान झाला होता, असं लोक अजून सांगतात.

पुढच्या ग्रामसभेत आगीची राखण इहिनियाकडेच दिली. ती हो म्हणाली. नाही म्हणण्याइतकं काही वाटत नव्हतं. तिनं एवढंच मागितलं, की आधी जाळायचं, मग जेवायचं. आणि सूर्य ताडाच्या शेंड्यावर गेला की त्या दिवशी काडी ओढायची नाही. जो मोडेल त्याला पुढच्या वर्षी जमीन नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिच्यापुढे नको कोण म्हणणार?

या वर्षी रोसेंदोची पाळी शेवटच्या दिवशी आली. दुसऱ्या दिवसापासून सरकारची बंदी. पाऊस येईपर्यंत कुणीच काही जाळायचं नाही. रोसेंदो इहिनियाच्या लेकीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. त्या नात्यानं ती दोघं एकमेकांना कोम्पाद्रे-कोमाद्रे म्हणत. नेमेसिओला डोंगरातून शोधून खांद्यावर आणणाराही तोच.

पाठीवर पाण्याचा पंप घेऊन ती पोचली तेव्हा ऊन कोवळं होतं, रेषा झाडून लख्ख केलेली होती, आणि सगळी माणसं केळीखाली बसली होती.

"पेटवा," ती म्हणाली.

"पेटवू की," रोसेंदो म्हणाला. "क्रिसोस्तोमो आजोबा तेवढे येऊ देत. त्यांची मोटारसायकल वाटेत रुसलीय."

"आजोबा नंतर जेवतील."

"कोमाद्रे, ही माणसं अंधारात घरून निघालीत गं!"

त्याची बायको असुंता तुंबडीभर मक्याची आंबवलेली चिचा घेऊन पुढे आली. "घे, दोन घोट पोटात जाऊ देत. तोंड बघ कसं झालंय, सोललेल्या कसाव्यासारखं."

इहिनियानं तुंबडी घेतली आणि जमिनीवर ठेवली. "सभेत ठरलं होतं."

"सभेत कुणाला भूक लागली होती?" असुंता म्हणाली. माणसं हसली.

मागून कुणीतरी बोललं, "आगवाली आगीला भीत नाही, आमच्या पोटाला भिते!"

"रोसेंदो, अजून वेळ आहे. पेटव."

तो उठला, पलित्यापर्यंत गेला. मग त्यानं वळून केळीखाली बसलेल्या माणसांकडे बघितलं. हीच माणसं जन्मभर त्याच्या रेषेवर उभी राहणार होती. "येतीलच आता आजोबा," असं म्हणून तो परत बसला.

आजोबा आले ते मोटारसायकल ढकलत, तिला शिव्या घालत. पहिला घास घेऊन "मीठ कमी पडलंय" म्हणाले, आणि मग सगळे तुटून पडले. इहिनिया उभ्या उभ्या ताडाकडे बघत राहिली. सूर्य शेंड्याला लागला, शेंडा सोडून वर गेला.

रोसेंदो हात पुसत उठला. "चला रे!"

"आता नाही. सूर्य वर गेला."

"अगं, पान हलत नाहीये! बघ तरी!"

"नेमेसिओच्या वेळीही हलत नव्हतं."

"उद्यापासून बंदी आहे, कोमाद्रे. मका कुठे पेरू? तुझ्या टाळक्यावर?"

"माहीत नाही."

"पोरं काय खातील माझी?"

"माहीत नाही."

"दगड झालीय ही," असुंता ओरडली. "तुझ्या नवऱ्याला मी धुतलं गं, या हातांनी! तू कोपऱ्यात बसून होतीस."

"हो. तूच धुतलंस."

क्रिसोस्तोमो आजोबांनी मान वर केली. "माझ्यामुळे उशीर झाला का?"

"हो," इहिनिया म्हणाली. "तेव्हाही."

त्यांना हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

माणसं फांद्या टाकून निघून गेली. ती गेली नाही. रागाच्या भरात माणूस काय करील नेम नसतो, म्हणून रेषेवरच बसून राहिली. दुपार झाली. वारा आला नाही. दुपार कलली, ताडाची झावळी जागची हलली नाही. या शेताला आज केव्हाही काडी लावली असती तरी ते नीट जळलं असतं. तिला ते दिसत होतं, आणि वाडीतल्या प्रत्येकाला आपापल्या ओसरीवरून दिसत होतं.

संध्याकाळी रोसेंदो आला. हातातली काडेपेटी त्यानं लपवली नाही.

"वारा आला नाही."

"नाही आला."

"जळलं असतं."

"जळलं असतं."

"मग आता लावतो. कोण बघतंय?"

"मी."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "निदान वाईट तरी वाटतंय का तुला?"

तिनं खरंच शोधून बघितलं. छातीत, पोटात, जिथे जिथे असलं काही पूर्वी असायचं तिथे.

"नाही, कोम्पाद्रे."

 तो काडेपेटी खिशात टाकून उठला आणि मागे न बघता वाटेला लागला. इहिनियानं पंपाचे पट्टे खांद्यावरून उतरवले नाहीत. काळोख पडेपर्यंत ती त्याची पावलं परत येतायत का, ते ऐकत राहिली.